व्याज कधीपासून?

व्याज घ्यावे की घेऊ नये, यावर धर्मांनी आणि तत्त्वज्ञांनी भरपूर खल केला आहे. पैशाने पैसा प्रसवावा हे ॲरिस्टॉटलला निसर्गाविरुद्ध वाटले, इस्लामने रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध ठरवला, आणि काळ देवाचा असताना सावकार तो विकायला बसतो, असा आरोप मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांनी केला. आपल्या धर्मशास्त्राने व्याज मान्य करून वाद दरावर आणि मर्यादेवर नेला. मनुस्मृतीने दरमहा शेकडा सव्वा हा दर सांगितला. दामदुपटीच्या नियमाने एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाच्या पुढे जाऊ दिले नाही, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये इंग्रजी अमदानीतही तो नियम पाळत होती. आजही आपण वाद घालतो तो दरावरच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हाची चर्चाही ‘किती’ याच शब्दाभोवती फिरली. मला मात्र वाटते की कार्डाच्या व्याजातला नैतिक दोष ‘किती’पेक्षा ‘कधीपासून’मध्ये अधिक आहे.

हिशोबच मांडून पाहू. ५ जूनला कार्डावर वीस हजारांची खरेदी झाली, १५ जूनला बिल निघाले, भरण्याची शेवटची तारीख ५ जुलै. त्या दिवशी पूर्ण वीस हजार भरले तर महिनाभर वापरलेल्या पैशाचे व्याज शून्य. एकोणीस हजार भरले, तर थकले एकच हजार. त्या हजारावर ५ जुलैपासून व्याज लागेल अशी कोणाचीही समजूत होईल. पण अनेक बँकांच्या अटींतली रूढ पद्धत वेगळी आहे. बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि पूर्ण वीस हजारांवर, थेट ५ जूनपासून, व्याज मोजले जाते. महिना साडेतीन टक्के हा दर धरला तर पुढच्या बिलात सातशेच्या आसपास रुपये व्याजाचे येतात, वर त्यावर अठरा टक्के जीएसटी. थकीत हजार, व्याज सातशे! शिवाय मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही सवलत नाही. २० जूनला भरलेल्या किराण्यावर २० जूनपासूनच व्याज. एटीएममधून रोख काढली असेल तर तिला बिनव्याजी मुदत मुळातच नसते.

व्याज ही काळाची किंमत आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि ते मला पटते. पण मग ५ जून ते ५ जुलै हा काळ फुकट म्हणून देऊन झाला होता. वापरून संपलेल्या काळाला मागाहून किंमत लावणे हे त्या समर्थनातही बसत नाही. यावर उत्तर मिळते की तो काळ सशर्त दिला होता. शर्त मोडली, सवलत गेली. तर्क म्हणून हे बिनचूक आहे. न्यायाला मात्र प्रमाण लागते. हजाराच्या चुकीची शिक्षा वीस हजारांवर मोजायची, तर ज्याने एकोणीस हजार वेळेवर भरले त्याच्या प्रामाणिकपणाची दखल कुठे राहिली? कौटिल्य याबाबत आपल्यापेक्षा दक्ष होता. न ठरवलेले व्याज मागणाऱ्याला, किंवा व्याज मिळवून तेच मुद्दल म्हणून सांगणाऱ्याला त्याने वादातल्या रकमेच्या चौपट दंड सांगितला. आजारी माणूस, दीर्घ यज्ञात किंवा गुरुगृही अडकलेला माणूस, अज्ञान मूल आणि निर्धन यांच्यावर व्याज चढू नये, असेही त्याने लिहून ठेवले. व्याजाचे घड्याळ कधी चालावे आणि कधी थांबावे हा त्याच्या लेखी राज्यव्यवस्थेचा प्रश्न होता.

सही तर ग्राहकानेच केली, हा दुसरा आक्षेप. पुणे-नगर भागातल्या कुणब्यांनीही सावकारी खतांवर अंगठे उठवले होते, आणि १८७५ साली सुपे गावापासून सुरू झालेल्या दंग्यांत त्यांनी तीच खते जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावले. निरक्षर कुणबी आणि कार्डवाला नोकरदार एक नव्हेत, हे कबूल. कायद्याने मानलेले तत्त्व मात्र दोघांनाही लागू पडते: सहीने व्यवहार वैध होतो, रास्त ठरतोच असे नाही. तरीही या वादात आपण, म्हणजे वेळेवर पूर्ण बिल भरणारे, वाटतो तितके निर्दोष नाही. आपला बिनव्याजी महिना कुठून येतो? काही भाग दुकानदाराने मोजलेल्या शुल्कातून, आणि काही भाग बाकी ठेवणाऱ्यांच्या व्याजातून. आपली शिस्त खरी आहे, पण तिच्या बक्षिसाचा खर्च अंशतः दुसऱ्याच्या चुकीतून निघतो.

म्हणून मागणी दर कमी करा एवढीच नको. व्याज उरलेल्या रकमेवर आणि शेवटची तारीख उलटल्यावरच लागावे, असा स्पष्ट नियम रिझर्व्ह बँकेने करावा. तो होईपर्यंत बिलावरचे दोन आकडे नीट पाहा. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने फक्त विलंब शुल्क टळते; व्याज टळते ते ‘एकूण देय रक्कम’ भरल्यावरच.