देणं एका जागी आणावं का?

कर्ज एका हातातून दुसऱ्या हातात गेलं म्हणजे ते फिटलं का? शहादा तालुक्यात तापीकाठच्या गावांत विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून माझी नोकरी झाली आणि दर मार्चला हा प्रश्न माझ्या टेबलासमोर उभा राहिला. आमच्याकडे त्याला नवं-जुनं म्हणतात. 31 मार्चच्या आत जुनं पीककर्ज भरायचं, त्यासाठी कुणाकडून तरी थोड्या दिवसांपुरते पैसे आणायचे, आणि नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून त्याचे त्याला परत करायचे. कागदावर माणूस बेबाक होतो. घरातलं देणं मात्र तेवढंच राहतं, वर त्या थोड्या दिवसांचं व्याज चढतं.

आता याचंच मोठं रूप आलं आहे. सगळी कर्जं गोळा करून एकच कर्ज, एकच हप्ता. पपईला भाव न मिळाल्याने अडकलेला आमच्या गावचा एक शेतकरी याबद्दल विचारायला आला. सोसायटीचे नव्वद हजार, बायकोच्या नावावर बचत गटाचे चाळीस, सोनेतारणाचे साठ आणि खाजगीत घेतलेले पन्नास हजार, शेकडा तीन रुपये महिना. एकूण दोन लाख चाळीस हजार. जमीन तारण दिली तर 14 टक्क्यांनी सात वर्षांसाठी एवढी रक्कम मिळत होती. हप्ता साडेचार हजारांच्या आत. तो म्हणाला, “नाना, हिशेब तुम्ही मांडालच. मला वेगळं विचारायचंय. जमिनीवर सोसायटीशिवाय कुणाचा बोजा चढवू नको, असं बापानं जाताना सांगितलं होतं. हे केलं तर पाप लागेल का?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. तापीकाठच्या प्रकाशा तीर्थावर बापाचं दहावं करून आलेल्या मुलानं पहिल्यांदा त्याच्या कर्जाची चौकशी करावी, हे मी अनेकदा पाहिलं आहे. देणं आणि परलोक या गोष्टी आपल्याकडे वेगळ्या मानल्याच गेल्या नाहीत. तैत्तिरीय संहिता म्हणते की ब्राह्मण जन्मतो तोच ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं ऋण घेऊन. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर उसन्या धान्यासकट सगळ्या देण्यांतून सुटण्याची मागणी आहे, या लोकी आणि पुढच्याही.

पण जुनं कर्ज नव्या कर्जात घालणं धर्माला मंजूर आहे का? आहे. मनुस्मृतीचं इतर पुष्कळ मला मान्य नाही, मात्र आठव्या अध्यायातली व्यवहाराची एक गोष्ट नोंदवायलाच हवी: मुदतीत फेडू न शकणाऱ्यानं झालेलं व्याज भरून नवा कागद करावा, तेही जमत नसेल तर व्याज नव्या कागदात धरावं. म्हणजे नवं-जुनं आपल्या बँकांहून फार जुनं आहे. त्याच अध्यायात व्याजाला मुद्दलाएवढी मर्यादाही आहे. तेच दामदुपट, जे आपल्या राज्याच्या सावकारी कायद्यात आजही जिवंत आहे. अडलेल्याला वेळ द्यावा, पण त्या वेळेची किंमत अमर्याद वाढू देऊ नये, असा त्याचा अर्थ मी लावतो.

तेव्हा कर्जं एकत्र करण्यात पाप नाही. उलट त्यात एक खरेपणा आहे. चार ठिकाणी कर्ज असलेला माणूस प्रत्येक ठिकाणी पाव सत्य सांगतो. गटाच्या बैठकीत सोनेतारण लपवतो, सोसायटीत खाजगी देणं लपवतो आणि घरी सगळंच. सगळा आकडा एका कागदावर बायकोसमोर लिहिला गेला की निम्मी भीती ओसरते. माझ्या टेबलाशी हे कितीदा तरी घडलं आहे.

धोका दोन जागी आहे. पहिला आमच्या तालुक्यानं भोगलेला आहे. शहादा-तळोद्यातला भिल्ल सालदार लग्नासाठी, आजारासाठी, दाण्यांसाठी ज्याच्याकडून पैसे घ्यायचा, त्याच्याच शेतावर सालानं राबायचा. सगळं देणं एकाच माणसाचं. त्यामुळे मालक बदलायचं, भाव करायचं, नाही म्हणायचं स्वातंत्र्यच उरत नसे. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक महाराज म्हणत, या अन्यायाविरुद्ध उभे राहिले. 1972 मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. वेठबिगारीचं देणं कायद्यानं रद्द व्हायला मात्र 1976 उजाडावं लागलं. आजची बँक म्हणजे तो मालक नव्हे, हे मला कळतं. तरीही सगळं देणं ज्याच्या हाती जातं, त्याच्या हाती आपल्या घराची किल्ली जाते. म्हणून कागद आधी वाचावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून व्याजासकट सगळा खर्च एका पत्रकात लिहून देणं रिझर्व्ह बँकेनं किरकोळ कर्जांसाठी बंधनकारक केलं आहे. ते पत्रक मागावं आणि मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, ते विचारावं.

दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो. तुकोबांनी घराण्याच्या सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सगळे सांगतो. त्यातला एक तपशील मात्र सांगायचा राहतो. परंपरा म्हणते की त्यांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या भावाची, कान्होबांची, वाटणी त्यांना दिली आणि फक्त आपली बुडवली. एवढ्या वैराग्याच्या क्षणीही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी जाणलं. माझ्या दृष्टीनं या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याच्या आईचं आणि बहिणीचंही नाव आहे. सोसायटीचा इकरार, म्हणजे कर्जाचा बोजा, चढतो तो त्याच जमिनीतल्या पिकासाठी. गटाचं कर्ज विनातारण होतं आणि खाजगी देणंही त्याच्या शब्दावर होतं. आपली अडचण सोडवण्यासाठी ती सगळी जमिनीवर आणून ठेवणं म्हणजे जे आपलं एकट्याचं नाही ते डावावर लावणं. बापाच्या शब्दातलं खरं तेवढंच.

मग हिशेब मांडला. सात वर्षांत त्या दोन लाख चाळीस हजारांचे जवळपास पावणेचार लाखांवर जात होते. त्यात सोसायटीचे नव्वद हजारही धरले होते, आणि ते तर वेळेत भरले तर पंजाबराव देशमुख योजनेत बिनव्याजी पडतात. बिनव्याजी कर्ज 14 टक्क्यांत घालायला कोण सांगतं? घर जाळत होतं ते फक्त खाजगीतलं: महिन्याला दीड हजार व्याज आणि मुद्दल जिथल्या तिथे. तेवढेच पन्नास हजार 14 टक्क्यांनी तीन वर्षांवर घेतले तर हप्ता सतराशेच्या आसपास येतो, आणि तीन वर्षांनी देणं संपतं.

त्यानं तेवढंच कर्ज घेतलं, पगारदार मेव्हण्याच्या जामिनावर, जमीन न लावता. मेव्हण्याला सगळा आकडा आधी दाखवायचा, ही अट मी घातली होती, कारण जामीनदार राहणाराही आपला वाटा डावावर लावत असतो. सोनं अजून तारणात आहे. ते पुढच्या कापसावर सोडवायचं ठरलं आहे.

एक देणं त्यानं यादीत धरलंच नव्हतं. पोरीच्या बाळंतपणात मावशीनं हातउसने दिलेले सात हजार. त्याला व्याज नाही, मुदत नाही, म्हणून ते त्याला देणंच वाटत नव्हतं. मी ते यादीत सगळ्यात वर लिहायला लावलं. बँकेच्या पैशातून ते फेडू नकोस, म्हटलं, पहिल्या वेचणीचे पैसे आले की स्वतः जाऊन दे. मावशी विधवा आहे, तिची म्हैस या वर्षी आटली आहे, आणि ती मागणार नाही.