पाऊस कुणाचा?

वेचणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला आणि सोयगावच्या आमच्या रानात बोंडातल्या सरकीलाच कोंब फुटले. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणाले, देवाची मर्जी. माझ्या तोंडून ते निघेना.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढला. ईयोब दुःखाचं कारण मागतो. देव वावटळीतून उलट त्यालाच विचारतो, पृथ्वीचा पाया घातला जात होता तेव्हा तू कुठे होतास? कारण सांगतच नाही. पुढे माणूस राहत नाही अशा रानावर पडणाऱ्या पावसाची गोष्ट काढतो. शेतकऱ्याला हे झोंबतं. अजिंठ्याच्या डोंगरातलं गवतही त्याच्याच हिशेबात! सत्ता त्याची, हे मी मानतो. पण बेचाळिसाव्या अध्यायात तो रागावतो ते ईयोबाची समजूत घालणाऱ्या मित्रांवर. भांडणारा ईयोबच नीट बोलला, म्हणतो.

असं भांडताना मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. त्याच बाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्या कामात होत्या. पावसाबद्दलचे हे प्रश्न त्यांच्याही हातून लिहिले गेले, याचा मला मोठा आधार आहे. मी पंचनाम्यासाठी अर्ज दिलाय, आणि रोज प्रार्थनेत देवाला कापसाबद्दल विचारतोय.