रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

सटाण्याहून विंचूर-प्रकाशा रस्त्याने देवळ्याकडे किंवा ताहाराबादकडे दुचाकीवर जाणाऱ्याला अपघाताची कारणं सांगायला नकोत. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या, उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, आणि हेल्मेट हँडलला अडकवलेलं. माणूस पडतो, डोकं आपटतं, क्षणभर शुद्ध हरपते किंवा हरपतही नाही. मालेगाव नाही तर नाशिक गाठून सीटी स्कॅन होतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मुका मार आहे’ हे ऐकून घराचा जीव भांड्यात पडतो, सटाण्याच्या देवमामलेदारांच्या मंदिरात नारळ फुटतो आणि घरापुरतं प्रकरण मिटतं.

पंधरवडा उलटला तरी त्याचं डोकं जड असतं. मान वळवली की गरगरतं. बाजार समितीतला लिलावाचा गलका, यात्रेतले भोंगे आणि पाळण्यांचे दिवे सोसवत नाहीत. मध्यरात्री जाग येते, छातीत धडधडतं आणि एकच विचार डोकं पोखरतो: आत रक्त साचत असेल, डॉक्टरांना दिसलं नसेल. समोरून ट्रॉली आली की हात थरथरतात. हिशेब चुकतात, पोरांवर उगाच खेकसणं होतं. गाव म्हणतं, याने हाय खाल्ली. धडधाकट दिसणारा माणूस हे ऐकून गप्प होतो. कारण जखम दाखव म्हटलं तर दाखवायला काहीच नाही.

जखम असते. मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत द्रवात तरंगतो. जोराच्या धक्क्याने तो आतल्या आत हलतो, वळतो, आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला मेंदूला जास्त ऊर्जा हवी असते आणि नेमका तेव्हाच त्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर दाखवतो. जीव वाचवण्यासाठी आधी तेच पाहावं लागतं. ताणलेले तंतू त्यात दिसत नाहीत. शिवाय शरीराचा तोल सांभाळणाऱ्या कानातल्या यंत्रणेलाही अनेकदा मार लागलेला असतो. तोल जातोय असं वाटलं की काळीज आपोआप धडधडू लागतं, घाम फुटतो. उलट बाजूने, घाबरलेल्या माणसालाही चक्कर येते, झोप उडते, लक्ष लागत नाही. मार आणि भीती यांची लक्षणं अशी एकमेकांत मिसळलेली असताना ‘हे डोक्याचं की मनाचं’ याचा काथ्याकूट करण्यात रुग्णाचे महिने वाया जातात. दोन्हींकडे एकदमच पाहावं लागतं.

या दुखण्यावरचा अविश्वास जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली रेल्वे अपघातांतून वरकरणी सुखरूप सुटलेल्या आणि नंतर झोप, स्मरण, उमेद गमावलेल्या प्रवाशांबद्दल लिहिलं. भरपाईचे दावे कोर्टात उभे राहिले आणि त्यांच्यासोबत सोंगाचा आरोपही. आपल्याकडे मोटार अपघाताच्या दाव्यात अजूनही पहिला प्रश्न अपंगत्वाच्या टक्क्यांचा असतो. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की शरीराचं अपंगत्व जेवढे टक्के, तेवढीच कमाई बुडाली असं सरसकट धरता येत नाही. माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, हे पाहावं लागतं. ट्रॅक्टर चालवून पोट भरणाऱ्याला रस्त्याची धास्ती बसली, तर त्याची रोजीच गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला बांधून घेतलं आहे.

तरी मला अविश्वासापेक्षा जास्त काळजी वाटते ती घरच्या मायेची. आई म्हणते, आता गाडीला हात लावायचा नाही. भाऊ म्हणतो, शेताचं मी पाहतो, तू पडून राहा. यातला प्रत्येक शब्द जिव्हाळ्याचा असतो. पण अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने मेंदू लवकर सावरतो, हा समज आता मागे पडला आहे. खेळातल्या डोक्याच्या माराबद्दल ॲमस्टरडॅमच्या २०२२ च्या परिषदेतून निघालेलं निवेदन सांगतं की पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती घ्यावी, मग सोसेल तेवढं चालणं-फिरणं सुरू करावं. भीतीचं गणितही असंच आहे. जो रस्ता टाळला, तो दर आठवड्याला अधिक भयंकर होतो.

म्हणून विश्रांती हवी, पण मोजून, आणि ती कामाच्या तगाद्यात हिरावली जाऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेऱ्यातल्या टी-२० सामन्यात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला, आणि मग त्याच्या जागी चहल मैदानात उतरला, कारण डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू देण्याचा नियमच होता. इकडे सटाण्याच्या बागलाण तालुक्यात अर्ली, म्हणजे हंगामाआधीच्या, द्राक्षाची छाटणी कुणासाठी थांबत नाही आणि मजुराच्या जागी मजुरी घेऊन येणारा बदली खेळाडूही नसतो. तो चौथ्या दिवशी बागेत उभा राहतो, गरगरून खाली बसतो आणि मग कायमचाच बिचकतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय माहितीचा आहे. मेलबर्नच्या जेनी पॉन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मार लागल्यावर आठवड्याभरात भेटून काय होऊ शकतं आणि काय करावं याची छोटी पुस्तिका दिली गेली, त्यांना तीन महिन्यांनंतर त्रास आणि ताण इतरांपेक्षा कमी होता. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदांसोबत मराठीत छापलेलं एक पान द्यायला काय लागतं? डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, ग्लानी आली, आकडी आली किंवा एक बाजू लुळी वाटली तर तडक परत या. बाकी चक्कर, चिडचिड, विसराळूपणा, धास्ती ही याच माराची लक्षणं आहेत आणि बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरतात. गाडीवर डॉक्टरांना विचारून, चक्कर थांबल्यावर बसा. आधी कुणाच्या तरी मागे, मग गल्लीतून, मग हमरस्त्यावर. महिना-दोन महिने भीती हटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तोही त्या पानावर हवा. आणि पंधरा दिवसांनी आशाताईंनी त्या घरी डोकावून दोन गोष्टी विचाराव्यात: झोप लागते का, आणि एकट्याने सटाण्याला जाऊन येता का.