शुक्रवारचं कोठार

"शुक्रवारी नमाजाला निघण्याआधी निजामुद्दीन औलिया कोठार रिकामं करून घेत. धान्य, कापड, नगद, जे आलं असेल ते वाटायचं, कोठार झाडून काढायचं, मग मशिदीची वाट धरायची. सर, हे मला पटत नाही," मी म्हटलं. "मी अन्नछत्राचा हिशेब बघतो. शनिवारी पंगतीला येणाऱ्याला काय सांगू?"

खुलदाबादला अमीर हसन सिज्झींच्या कबरीवरून आम्ही परतत होतो. औलियांची १३०८ ते १३२२ या काळातली बोलणी त्यांनी 'फवाइद-उल-फुआद'मध्ये टिपली; तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा ते इकडे आले.

"नमाजाआधीच्या वुजूत हात-तोंड-पाय धुऊन होतात," सर म्हणाले. "निय्यतही, म्हणजे मनाचा संकल्पही, बांधता येते. पण नमाजाच्या रांगेत, सफीत उभं राहून मन पोती मोजत असेल तर? अबू तल्हा अन्सारी मदिनेत आपल्या बागेत नमाज पढत होते. दाट फांद्यांत एक पाखरू अडकलं, बाहेर पडायला वाट शोधू लागलं. नजर त्याच्यामागे गेली आणि नमाजाच्या किती रकाती, किती आवर्तनं झाली तेच विसरले. त्यांनी बागच दान करून टाकली."

"बाग त्यांची होती. कोठार भुकेल्यांचं. माझं चित्त लागावं म्हणून त्यांच्या पोटावर पाय?"

"वाटलं ते भुकेल्यांनाच ना? गेली ती फक्त उद्याची खात्री."

"भुकेल्याला तीच हवी असते. आजचा घास एकवेळ मागून मिळतो."

सर जरा थांबले. वादात हार न मानणारा माणूस थांबला की मला बरं वाटतं, हे कबूल करतो.

"सुलतानाने देऊ केलेली गावं औलियांनी नाकारली," ते म्हणाले. "गावं आली की वसुली आली, कारकून आले. न मागता येणारी फुतूह तेवढी घेतली."

"दिल्लीतल्या एवढ्या नामांकित पिराकडे शनिवारी काही ना काही येणारच! हा त्याग म्हणायचा की पत?"

"पतीवर निर्धास्त असलेल्या माणसाला घास गोड लागतो. यांना रोज्याआधीच्या सहरीचा घास उतरत नसे. मशिदीत, दुकानांपुढे किती जण उपाशी झोपलेत, हे आठवायचं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण शनिवारही तिथेच होता.

"मग मी महिन्याचं धान्य वाटून टाकू?"

"तुझं मन पोत्यांत अडकतं?"

खरं सांगायचं तर नाही. "दारावरच्या फलकात अडकतं. देणगीदारांच्या यादीवर व्यवस्थापक म्हणून माझं नाव आहे."

"मग पोत्यांना हात लावू नकोस."

"अर्ध्या देणग्या त्या फलकापायीच येतात, सर. तो उतरवला तर पंगत मोडेल."

"पंगत मोडेल की तुझं नाव जाईल, ते आधी मोज. हिशेबनीस तू आहेस."