पापुद्रा कशाने धरला होता?

तुमसर तालुक्यातलं बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेलं धानाच्या पट्ट्यातलं गाव. इकडच्या जुन्या घरांत पाट काय, देव्हारा काय, सगळं भरीव सागवानाचं. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, दिसतं ते शिवणयंत्राच्या फळीवर, नाहीतर व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओच्या पेटीवर. पावसाळ्यात कवेलू गळतं, फळी भिजते आणि पापुद्रा फुगतो, कडेला उचकटतो. घरचे म्हणतात, लाकूड सडलं. बहुतेक वेळा लाकूड ठणठणीत असतं, चिकटपणा तेवढा सुटलेला असतो. म्हणून दुरुस्तीआधी एकच विचारायचं: हा पापुद्रा कशाने धरला होता?

जुन्या कामात उत्तर असतं सरस. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला हा डिंक गरमीने, ओलीने मऊ पडतो. याच दोषापायी तो मागे पडला. 1959 साली फेव्हिकॉल आला आणि सरस उकळण्याची कटकट सुतारांनी आनंदाने सोडली. पण दुरुस्तीला बसलं की तोच दोष कामी येतो. फुगवट्यावर ओलसर फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवली की आतला सरस पुन्हा जागा होतो. मग वर मेणकागद, त्यावर सपाट फळी, तिच्यावर जातं ठेवून रात्रभर दाबायचं. आतला सरस पार झडला असेल तर लाकडाच्या रेषांच्याच दिशेने पात्याने चीर द्यायची आणि तिच्यातून नवा सरस सारायचा. जुन्या सरसावर नवा सरस एकजीव होतो. सुकलेल्या फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकावर मात्र नवा डिंक धरत नाही, आधी तो खरवडून काढावा लागतो. प्लायमधल्या फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाला तर इस्त्रीने काहीच होत नाही.

तुकडा उडालाच असेल तर ठिगळ चौकोनी कापू नये. रेषांना आडवा गेलेला काप लांबूनही दिसतो. दोन्ही टोकांना निमुळतं, होडीच्या आकाराचं ठिगळ रेषांत मिसळून जातं. नंतर पॉलिश पेपर जपून. आजचं व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं, चार हात जास्त फिरले की खालचा प्लाय डोकावतो. घासण्याच्या यंत्राने केलेली दुरुस्ती मला तरी दुरुस्ती वाटत नाही.

राहिला मुहूर्त. लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेलेला असताना घट्ट बसवलेलं ठिगळ आषाढात फुगून उचलतं. भर पावसात बसवलेलं उन्हाळ्यात कडेने फट दाखवतं. तेव्हा रोवणीच्या दिवसांत घाई करू नका. कवेलू आधी फेरून घ्या. धानाची मळणी आटोपली, हवा सुकी पण सौम्य झाली की फळी बाहेर काढा, आणि सुतार फेव्हिकॉलचा डबा उघडायच्या आत त्याला खालचा डिंक तपासायला सांगा.