दोघांपुरता नाताळ

सण हा समाजाचा असतो की घराचा? आपल्या वसईच्या ख्रिस्ती समाजात हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही, कारण आपल्याकडे या दोहोंमधली भिंत फार पातळ आहे. आळीतला गोठा सर्वांचा, नाताळगीते गात येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक दार उघडे, आणि मध्यरात्रीच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात हस्तांदोलने करून हात दुखावा इतकी माणसे. अशा समाजात एखादे जोडपे ‘यंदा आम्ही घरीच’ म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हळहळ उमटते. त्या हळहळीमागे एक नैतिक प्रश्न आहे, आणि त्याविषयी आम्ही येथे लिहू इच्छितो.

आमच्या घरात मूत्रपिंडाचा विकार आहे. आम्हां दोघांपैकी एकाला आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावे लागते. त्या यंत्राला सण ठाऊक नाही. २०२४ साली नाताळ बुधवारी आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी ज्यांची पाळी असते त्यांना ते वर्ष लक्षात राहिले असेल. सणासुदीला केंद्रे पाळी एखाद्या दिवसाने मागेपुढे करून देतात. ती चुकवता मात्र येत नाही, कारण मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे पाणी आणि क्षार तोवर देहातच साचत राहतात. दिवाळीला आणि ईदेलाही तिथल्या खाटा भरलेल्याच असतात. सर्वधर्मसमभावावर भाषणे पुष्कळ ऐकली. तो इतक्या मुकाट्याने नांदताना आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

आणि पथ्य! वसईत राहून केळे वर्ज्य, यापरते दुर्दैव कोणते? केळे, शहाळे, संत्रे, सुकामेवा यांत पोटॅशियम फार, आणि ते रक्तात वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लोणचे, पापड, सुकी मासळी मिठामुळे बाद. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. पिण्याचे पाणी मोजून, आणि चहा, सार, आमटी यांचाही हिशेब त्यातच. नाताळच्या केकमध्ये जे जे म्हणून मौल्यवान असते, ते नेमके डॉक्टरांच्या यादीत असते.

आता प्रश्न असा की, जोडीदाराने काय करावे? त्याने केक खावा का? मध्यरात्री मिस्साला जावे का, की उशाशी बसावे?

आपल्या घडणीत त्यागाला मोठा मान आहे, तेव्हा उत्तर सोपे वाटते : बसावे. परंतु या उत्तराची दुसरी बाजू आजाऱ्याला दिसते. ज्याच्यासाठी कुणीतरी सण सोडला, त्याच्या नावावर एक कर्ज लिहिले जाते. ते कुणी मागत नाही, म्हणूनच फेडताही येत नाही. ‘तू जा’ असे आजारी माणूस म्हणतो, तेव्हा त्यात औदार्य असते. कधी कधी परीक्षाही असते. ‘तुझ्याविना नाही जाणार’ या उत्तरात निष्ठा असते. कधी कधी आजाऱ्याला अपराधी ठरवणेही असते. आमच्या घरी ही दोन वाक्ये पुष्कळदा बोलली गेली आहेत, आणि ती कोणत्या अर्थाने बोलली गेली हे बोलणाऱ्यालाही दर वेळी कळले असेल असे नाही.

वेदीपुढे दिलेले वचन आजारपणातही साथ देण्याचे असते. बहुतेक लोक ते निरोगी माणसाचे वचन समजतात. पण ते दोघांनीही दिलेले असते. अंथरुणावर असलेल्या माणसाची त्यातून सुटका होत नाही. जोडीदाराच्या आनंदाला जागा ठेवणे, आपल्या आजाराला घराचा मालक न होऊ देणे, हे त्याचेही कर्तव्य उरते. तसाच त्याचा एक हक्कही आहे : सणाच्या दिवशी सक्तीने हसवले न जाण्याचा.

चर्चने या बाबतीत दाखवलेला शहाणपणा आपण पुरेसा लक्षात घेत नाही. आजारपणासारखे गंभीर कारण असेल तर मिस्साच्या बंधनातून सूट असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९८३ च्या कायदेसंहितेत आणखी एक बारीक सवलत आहे. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास वृद्धांना व आजाऱ्यांना लागू नाही, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही नाही. शुश्रूषा करणारा माणूसही थकतो, त्यालाही कधीही दोन घास खावे लागतात, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले होते. आजारी आणि त्याचा सोबती त्यांनी एकाच ओळीत बसवले. अर्थात सूट बंधन काढते. मोकळ्या झालेल्या वेळेचे काय करायचे ते सांगत नाही.

आम्ही आमच्यापुरते असे ठरवले आहे की, एकाने पंचवीस तारखेच्या सकाळच्या मिस्साला शेजाऱ्यांबरोबर जायचे, पटांगणात रेंगाळायचे, केकही खायचा, आणि घरी येऊन सारे सविस्तर सांगायचे : कोण परदेशातून आले, गायनवृंदाचा सूर कुठे घसरला, प्रवचन किती लांबले. दुसऱ्याने ते ऐकायचे, हेवा वाटला तर तसे म्हणायचे. कम्युनियन आधीच घरी आणून दिले जाते. रात्री आठच्या सुमारास संत लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा भाग आम्ही मोठ्याने वाचतो. नऊला एकाचे डोळे मिटतात.

बेथलेहेमचे ते दांपत्यही एकटेच होते, असे सांगून आमचे सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात. ही तुलना आम्हांला जरा घाईची वाटते. त्यांच्यापुढे नवजात बालक होते. आमच्यापुढे रक्ततपासणीचे कागद असतात. मात्र लूकने नोंदवलेला एक तपशील आम्हांला जवळचा वाटतो. मेंढपाळ लगबगीने आले, त्यांनी बाळ पाहिले, सांगायचे ते सांगितले आणि ते परत गेले. मुक्काम केला नाही.

भेटीला येणाऱ्यांनी एवढेच केले तरी आमचे पुष्कळ काम होते. वीस जणांनी येऊ नये, दोघांनी यावे. पाव तास बसावे. कुणाच्या तरी मेव्हण्याला लागू पडलेला झाडपाला सुचवू नये. आणि आमंत्रण देणे थांबवू नये. ‘त्यांना कशाला त्रास’ या सद्भावनेने दोन वर्षांत माणूस समाजाच्या यादीतून गळतो. शांतता आम्ही निवडतो. एकांतवास मात्र न बोलावण्यातून आपोआप घडतो. नकार द्यायचा की नाही, हे आमच्याकडेच राहू द्यावे.

डायलिसिससाठी ज्या हाताच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, त्या हाताने जड उचलायचे नसते. त्यामुळे नाताळची चांदणी आम्ही हल्ली ओटीवर हाताला येईल एवढ्या उंचीवर टांगू लागलो होतो. ती रस्त्यावरून दिसत नाही, अशी आळीतल्या मुलांची तक्रार आली. शिडी आमच्याकडे आहे. शनिवारी दुपारी त्यांना बोलावले आहे.