रहस्याची किंमत

मागील उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. त्याला पत्त्यांच्या जादूचा मोठा नाद आहे. एके सकाळी तो एक जाहिरात घेऊन माझ्यापुढे बसला व म्हणाला, "मामा, हा प्रयोग विकत घेण्याजोगा आहे की नाही, ते तुम्ही सांगा." प्रयोग भाकिताचा होता. जादूगार प्रारंभीच एका चिठ्ठीवर काही लिहून ती पाकिटात बंद करतो. नंतर प्रेक्षक आपल्या मर्जीने एक पान निवडतो. आणि पाकीट उघडून पाहावे तो आत त्याच पानाचे नाव! किंमत दोन हजार रुपये. पत्त्यांचा साधा जोड शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. तेव्हा उरलेली रक्कम कशाची, तर एका रहस्याची.

मी त्यास लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आंबा घ्यावयाचा तर आपण वास घेऊन पाहतो. लुगडे घ्यावयाचे तर पोत बोटांनी चाचपतो. गवयाची शिकवणी ठेवावयाची तर एकदा त्याचे गाणे ऐकतो. रहस्याची गोष्ट निराळी आहे. ते कळेपर्यंत त्याची योग्यता ठरविता येत नाही, आणि एकदा कळले की ते विकत घेण्याचे कारणच उरत नाही. केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली संशोधनाच्या अर्थव्यवहाराचा विचार करताना नेमक्या या अडचणीवर बोट ठेवले होते. ज्ञान ही अशी वस्तू आहे की तिचा नमुना दाखविणे म्हणजेच ती देऊन टाकणे. त्यांच्यापुढे मोठमोठे शोध होते, माझ्या भाच्यापुढे पत्त्यांचा एक खेळ. परंतु पेच एकच.

तथापि विचार करू जाता असे दिसते, की रहस्याच्या दाराबाहेर उभा असलेला गिऱ्हाईक अगदीच आंधळा नसतो. जोडात पाने बावन्न. जादूगाराने खरोखरच अंदाजाने एखादे नाव लिहिले, तर ते बावन्नांत एकदा जुळेल, म्हणजे शंभरांत सुमारे दोन वेळा. जो प्रयोग हटकून साधतो, तो अंदाजाचा नव्हे, हे उघड आहे. मग भाकित आणि पान जुळावयाचे मार्ग तीनच उरतात. एक तर निवड भाकिताच्या मागे चालली पाहिजे. किंवा भाकित निवडीच्या मागे चालले पाहिजे. किंवा अनेक भाकिते आधीच सिद्ध असून त्यांतले योग्य तेवढे पुढे यावयास हवे. प्रेक्षकांत बसविलेला साथीदार हा पहिल्याच मार्गाचा एक प्रकार. इतके सांगावयास कोणाचे गुपित फोडावे लागत नाही. घरबसल्या तर्काने ते कळते. सारांश, दोन हजार रुपये देऊन जे मिळावयाचे ते जगावेगळे तत्त्व नव्हे. या तिहींपैकी एखाद्या वाटेने, कोणास संशय न येता कसे जावे, याची ती रीत.

हे ध्यानात आले म्हणजे "एवढेच?" या सुप्रसिद्ध उद्गाराचाही उलगडा होतो. जादूचे रहस्य कळलेला बहुतेक प्रत्येक मनुष्य हा शब्द उच्चारतो. १९३६ साली जो बर्ग या अमेरिकन जादूगाराने एक विशिष्ट प्रकारचा जोड सिद्ध केला. प्रेक्षकाने कोणत्याही पानाचे नाव घ्यावे, समजा चौकटची सत्ती, आणि जोड पसरून पाहावा तो नेमके तेवढेच पान उलटे! पुढे हा प्रयोग 'अदृश्य जोड' या अर्थाच्या नावाने जगभर पसरला, आणि आजही तो विकला जातो व रंगतोही. त्यातले रहस्य ऐकावयास अर्धे मिनिट पुरे. ते येथे सांगणे मला रास्त वाटत नाही. परंतु ते इतके लहान आहे की ऐकणारा हिरमुसतो. आता साधन लहान म्हणून प्रयोग हलका ठरतो काय? मूठभर पिठाची उत्तम पोळी करणाऱ्या गृहिणीला आपण "यात होते काय, पीठ आणि पाणीच ना!" असे म्हणत नाही. लहान साधनातून मोठे आश्चर्य उभे करणे, यातच त्या कलेची प्रतिष्ठा आहे.

भाच्याने अखेर तो प्रयोग घेतला. पुडके आले त्या दिवशी तो तासभर खोलीत बसला, आणि बाहेर आला तो चेहरा उतरलेला. "मामा, मी फसलो," एवढेच तो म्हणाला. मी त्यास जवळ बसवून विचारले, तेव्हा त्याच्या तक्रारी दोन असल्याचे दिसले. पहिली अर्थातच "एवढेच?" ही होती. दुसरी अशी, की पाकीट प्रारंभापासून शेवटपर्यंत प्रेक्षकाच्याच हाती राहते, असे जाहिरातीत स्वच्छ लिहिले होते; प्रत्यक्षात मात्र जादूगारास ते क्षणभर का होईना, आपल्या हाती घ्यावेच लागत होते.

पहिली तक्रार मी मान्य केली नाही. दुसरीने मात्र मला विचारात टाकले. विक्रेत्याची बाजू घेणारा म्हणेल, की प्रेक्षकास तर तसेच आठवते! आणि हे खरे आहे. प्रयोग उत्तम वठला तर पाहणारा घरी जाऊन शपथेवर सांगेल, की पाकीट सर्व वेळ माझ्या मुठीत होते. जाहिरातीने जे वर्णन केले ते घडलेल्या गोष्टीचे नव्हे, प्रेक्षकाच्या आठवणीचे. परंतु गिऱ्हाईक हा प्रेक्षक आहे काय?

माझ्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. फ्रान्सचे थोर जादूगार रोबेर-उदँ यांनी १८६८ च्या आपल्या ग्रंथात जादूगारास मांत्रिकाची भूमिका करणारा नट म्हटले आहे. नटाच्या असत्यास आपली संमती असते. रंगभूमीवरचा राजा खरा राजा नव्हे, हे जाणूनच आपण तिकीट काढतो. जादूच्या खेळालाही तसेच जाऊन बसतो. ही संमती आहे तोवर फसवणूक निर्दोष असते, किंबहुना तीच करमणूक असते. दुकानाच्या फळीपाशी मात्र ती संमती संपते. तेथे पैसे मोजणाऱ्याने फसून घेण्याचे कबूल केलेले नसते. जादूगाराने आपल्याला हवे तेच पान प्रेक्षकाच्या गळ्यात मारावे, ही कला; विक्रेत्याने आपला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारावा, ही लबाडी. शब्द एक असला तरी कृत्ये दोन आहेत.

मग विक्रेत्याने रहस्य आधीच सांगावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९०५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'मॅजिक सर्कल' या जादूगारांच्या संस्थेने, गुपित बाहेर न बोलणे या अर्थाचे लॅटिन वचन आपले ब्रीद म्हणून घेतले आहे, आणि ज्यांची उपजीविका गुपितावर आहे त्यांना ते शोभते. परंतु रहस्य आणि अटी या वेगळ्या गोष्टी आहेत. चिठ्ठी केव्हा लिहिली जाते? पाकीट कोण उघडतो? जोड प्रेक्षकाच्या हाती तपासावयास देता येतो की नाही? कोणतेही पान, की पुढे केलेल्या काहींपैकी एक? चोहोबाजूंनी माणसे बसली असता प्रयोग चालतो काय? या प्रश्नांची खरी उत्तरे दिल्याने रहस्य फुटत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र डोळस होतो. जो विक्रेता एवढेही सांगावयास कचरतो त्याच्याकडून काही घेऊ नये, असे मी भाच्यास सांगितले. माझा सल्ला त्यास उशिरा मिळाला, हे मला कबूल आहे.

येथवर विचार फक्त घेणाऱ्याचा व देणाऱ्याचा झाला. त्या पावसाळ्यात एका तिसऱ्या पक्षाची मला आठवण करून दिली गेली. भाच्याने रुसवा सोडून त्या प्रयोगावर दोन महिने मेहनत घेतली आणि पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा तो आपल्या आजीस, म्हणजे माझ्या आईस, दाखविला. आईने इस्पिकची राणी उचलली. पाकिटातून इस्पिकची राणीच निघाली. आई बराच वेळ त्या चिठ्ठीकडे पाहत राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. ती हळूच म्हणाली, "बाळ, मग एवढे सांग, माझ्या डोळ्याला नीट दिसू लागेल ना?"

मुलगा गोंधळला. "हो" म्हणणे किती सोपे होते! आजीस धीर आला असता, आणि त्याचा प्रयोगही आणखी मोठा झाला असता. बुवाबाजीचा धंदा याच क्षणी जन्मास येतो. इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट यांनी १५८४ साली हातचलाखीच्या कित्येक युक्त्या छापून उघड केल्या. चेटकीण म्हणून छळल्या जाणाऱ्या गोरगरिबांचा कैवार घेणारा तो ग्रंथ होता. आपल्या महाराष्ट्रातही अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवितात आणि लगेच त्यांतली युक्ती समजावून देतात. गुपित राखणे हा धर्म खरा. परंतु त्या गुपितापायी एखाद्याची समजूत बिघडत असेल, तर त्याहून मोठा धर्म पुढे उभा राहतो.

भाच्याने माझ्याकडे एकवार पाहिले. मी काही बोललो नाही. मग तो आजीच्या पायाशी बसून म्हणाला, "आजी, हा हाताचा खेळ आहे. मला पुढचे काही दिसत नाही. डोळ्याचे डॉक्टरांना विचारू या." आई हसली. "ते ठाऊक होते रे मला," ती म्हणाली. पण ते तिला खरोखर ठाऊक होते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. क्षणभराने तिने चिठ्ठी त्याच्या हाती परत दिली आणि म्हणाली, "मात्र केलेस कसे, ते सांगू नकोस हो. आणि उद्या शेजारच्या काकूंना दाखव."

प्रयोग घेण्याजोगा होता की नाही, हा भाच्याचा मूळ प्रश्न होता. जाहिरातीत असत्य होते. त्या अर्थी तो त्या दुकानातून घेण्याजोगा नव्हता, हे माझे मत कायम आहे. परंतु रहस्य कळल्यावरही जो करून दाखविण्याचा उत्साह टिकतो, आणि "हा खेळ आहे" असे स्पष्ट सांगितल्यावरही पाहणाऱ्याचे कौतुक ज्यात उणावत नाही, त्या प्रयोगाचे मोल दुकानदाराने लावलेल्या किमतीवरून ठरत नाही. दुसऱ्या दिवशी काकू आल्या तेव्हा भाच्याने पाकीट पुढे करण्यापूर्वीच सांगून टाकले, की ही हातचलाखी आहे, आणि मगच पत्ते पिसावयास घेतले.